आईच्या तोंडचा शब्द

झोरिया, आल्बर्टा
२४ ऑगस्ट १९९८

ती. नेस्टरदादास,
ओरिस्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. देवमाशांची हकीकत लारिसानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि आता मामाकडे कधी जायचं म्हणून भुणभुण लावली आहे. तिला सांगितलं, मामा राहतो तिथे रस्ता जात नाही, हेलिकॉप्टर जातं, तेही मनात आलं तर.

इकडे गहू पिवळा झालाय. वॉल्टर दिवसभर शेतात असतो आणि जेवायला येतो तो धुळीचा पुतळा होऊन. दुपारी वारा पडला की सगळं रान असं गप्प होतं, की आपण जागे आहोत की झोपेत चालतोय हेच मला कळेनासं होतं.

आई बरी आहे म्हणायचं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा हात हलू लागलाय, काठी घेऊन चालतेही. इंग्रजी मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, उशिरा शिकलेली भाषा आधी जाते. उरलं ते तिचं युक्रेनी, आणि ते मला येत नाही. तुझ्याशी ती त्या भाषेत बोलायची. मला मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाढवलं. आता वृद्धाश्रमात आम्ही दोघी समोरासमोर बसतो आणि एकमेकींकडे बघून हसतो. लारिसा शाळेत युक्रेनीच्या वर्गात आहे म्हणून निभतंय. नऊ वर्षांची पोर आमची दुभाषी! आजी म्हणते सूप अळणी आहे. आजी म्हणते केस कशाला कापलेस. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आईची बोलणी पोटभर खाल्ली, तीही लेकीच्या तोंडून.

पण तो वर्गच राहतो की जातो, देव जाणे. अर्धा दिवस युक्रेनी, अर्धा दिवस इंग्रजी, आणि मुलं अवघी बारा. शाळामंडळात निम्मे म्हणतात की बारा मुलांसाठी वेगळी बाई कशाला, तिच्या जागी गणिताचा मास्तर आणू. निम्मे म्हणतात वर्ग ठेवा. १९ ऑक्टोबरला आपल्या भागातून एक सभासद निवडायचाय, आणि तो ज्या बाजूला झुकेल तसं होणार. उभे आहेत दोघं. एक व्हर्ना पालामार, जिनं वीस वर्षं तो वर्ग शिकवला. दुसरा डॅरिल होशोव्स्की, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्याचं म्हणणं, भाषा घरी शिकवा, शाळेत गणित शिकू द्या. गावात दुसरा विषय नाही. मी अर्थात व्हर्नाच्या बाजूची.

माझ्यावरच्या मायेला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं गंज चढू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ओरिस्या

टर्न रॉक दीपगृह
८ सप्टेंबर १९९८

चि. ओरिस्यास,
नेस्टरचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, सोबतचा बडीशेपेच्या लोणच्याचा डबाही. आठवडाभर धुकं आहे. अर्ध्या अर्ध्या मिनिटानं भोंगा वाजतो आणि मधल्या शांततेत मला कुणीतरी लांबून हाक मारतंय असं वाटत राहतं. परवा ती हाक आपल्या आजीची वाटली. एकटं राहिलं की माणूस असा जरा सैल होतो, काळजी करू नकोस. इथे रेडिओफोन आहे, पण त्यावर बोललेलं निम्मा किनारा ऐकतो. आईच्या सूपात मीठ किती ते कोळ्यांना कशाला कळायला हवं, म्हणून आपली पत्रंच बरी.

आईनं मला भाषा दिली आणि तुला नाही, हे तुझ्या मनात सलतं, ते दर पत्रात दिसतं. एकदा सांगूनच टाकतो. १९४९ साली मी शाळेत गेलो तेव्हा मला इंग्रजीचा गंध नव्हता. बाहेर जाऊन यायचंय हे बाईंना सांगता आलं नाही. व्हायचं ते झालं, आणि ओल्या चड्डीनं दोन मैल चालत घरी आलो. बाईंनी खिशात चिठ्ठी घातली होती. ती आईला वाचता येईना, मलाही येईना. आई ती घेऊन शेजारी गेली. मुलाशी घरी इंग्रजीच बोला, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी ती चुलीपुढे कितीतरी वेळ नुसती बसून होती.

तू सात वर्षांनी झालीस. तोवर तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तुझ्यापासून काही चोरलं नाही गं तिनं. तिच्या समजुतीप्रमाणे तुला वाचवलं.

तेव्हा मत व्हर्नालाच दे, वॉल्टरलाही द्यायला लाव. डॅरिलला माझा नमस्कार सांग आणि त्याच्या बापानं नेलेल्या माझ्या सायकलीची आठवण कर. पस्तीस वर्षं झाली, एव्हाना दुरुस्त झाली असेल.

आहे तशी माया ठेव, भांडलीस तरी चालेल.

तुझा,
नेस्टर

झोरिया
२२ सप्टेंबर १९९८

ती. नेस्टरदादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मी डॅरिलच्या बाजूला गेले आहे.

चर्चच्या तळघरात पालकांची सभा झाली. सभा कसली, आधी सगळ्यांनी बटाटा भरलेली पिरोही आणि आंबट साय खाल्ली आणि मग एकमेकांना खायला उठले. जॉइस म्हणाली, तिच्या मुलाला पाढे येत नाहीत पण ईस्टरची गाणी सगळी येतात. तिची नणंद म्हणाली, पाढे तर तुझ्या नवऱ्यालाही येत नाहीत, तो काय युक्रेनीच्या वर्गात होता? डॅरिल उठून म्हणाला की त्याच्याकडे येणारे ट्रॅक्टर सगळे इंग्रजीतच बिघडतात. सगळे हसले, मीही. मागून कुणीतरी विचारलं, घरी शिकवा म्हणतोस, तुझ्या घरी शिल्लक काय आहे? तो म्हणाला, आजोबांच्या शिव्या, आणि त्या तो मुलांना नेमानं शिकवतो. व्हर्ना एवढंच म्हणाली की ट्रॅक्टर केव्हाही दुरुस्त होतो, पण बंद पडलेला वर्ग पुन्हा उघडलेला तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

तिचं पटलं होतं रे. पण त्याच आठवड्यात आईचं ते सुरू झालं. रोज चारच्या सुमाराला ती डोक्याला फुलांचा रुमाल बांधते, पर्स मांडीवर घेते आणि खिडकीशी जाऊन बसते. मग म्हणत राहते, कारा येतेय, कारा येतेय. माझ्याकडे हात करून म्हणते, मग पुन्हा बाहेर बघते. बाकीचं लारिसाला कळलं, 'कारा' तेवढं कळेना. तिनं शाळेच्या शब्दकोशात पाहून वहीत लिहून आणलं. कारा म्हणजे शिक्षा. देवानं केलेली.

कसली शिक्षा, दादा? मी तिला आश्रमात ठेवलं म्हणून? आणि येणार कुणावर, तिच्यावर की माझ्यावर? मी कुणाला विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू? पहाटे डोळा लागतो तेव्हा मला त्या खिडकीबाहेरचा रस्ता दिसतो, रुमाल बांधून आई उभी आहे आणि लांबून काहीतरी येतंय.

मला वाटतं, आम्ही नुसत्या हसत बसायचो तेच बरं होतं. न कळण्यातच आमची माया टिकली होती. आजीच्या मनातली शिक्षा माझ्या पोरीनं नवव्या वर्षी का वाचावी? तिला आश्रमात न्यायचं मी बंद केलंय. वर्गही बंद झाला तर मला सुटल्यासारखं होईल. वॉल्टरला आणि शेजारच्या स्टीव्ह-ओल्गाला मी डॅरिलकडे वळवलंय. म्हण मला काय म्हणायचं ते.

दूर असलास तरी परका होऊ नकोस.

तुझी,
ओरिस्या

टर्न रॉक
१ ऑक्टोबर १९९८

चि. ओरिस्यास,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, कारा म्हणजे मोटार! कार! आपली साधी चार चाकांची गाडी!

आपले आजोबा इथे आले तेव्हा त्यांच्या गावी मोटारही नव्हती आणि मोटारीला शब्दही नव्हता. इथे कानावर पडलं ते उचललं, त्याला आपलं शेपूट लावलं आणि घरचं करून टाकलं. ट्रकचा ट्रोक झाला, स्टोअरचं श्टोर झालं, कारची कारा झाली. लारिसाच्या शब्दकोशातली कारा खरीच आहे, पण ती पाद्र्याची. आपल्या आईची कारा हिरवी होती, एक दार तारेनं बांधलेलं. व्हर्नाला विचारलं असतंस तर चुटकीसरशी उलगडा झाला असता. पण तू पोटातलं ओठावर आणशील तर ना!

तुला हा शब्द माहीत नाही यात नवल नाही. तू पाच वर्षांची असताना वडील गेले. आईला चालवता येत नव्हती, गाडी विकली, आणि शब्दही गाडीबरोबर घरातून गेला. त्याआधी दर रविवारी जेवणं उरकली की वडील गोठ्यामागून गाडी काढायचे. आई रुमाल बांधायची, पर्स घ्यायची आणि खिडकीतून बघत आम्हाला ओरडायची, कारा येतेय! कुठे जायचं नसायचंच. सरळ सरळ रस्त्यांवरून हळूहळू जायचं, लोकांचे गहू बघायचे, कुणाचा चांगला आलाय त्यावर थोडं जळायचं आणि परत यायचं. तू तिच्या मांडीवर झोपलेली असायचीस. इतकी सुखी मी तिला एरवी कधी पाहिली नाही.

ती शिक्षेची वाट बघत नाहीये, ओरिस्या. फिरायला जायची वाट बघते आहे. आणि तुझ्याकडे हात करते, म्हणजे तुला चल म्हणते आहे.

लारिसाला तिच्याकडे परत ने. आणि मत बदल, चौघांचंही.

चुकलीस तरी माझी धाकटी ती धाकटीच.

तुझा,
नेस्टर

ता. क. १३ ऑक्टोबर. बारा दिवस धुकं हटलेलं नाही, हेलिकॉप्टर उतरलेलं नाही, पत्र टेबलावर पडून आहे. शेवटी लाज सोडली आणि किनारा ऐकतो तर ऐकू दे म्हणून रेडिओफोनवरून तुझ्याकडे तीनदा जोडून मागितलं. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. कापणीवर असाल. उद्या पुन्हा मागतो, पण उद्याही शेतातच असाल, मला माहीत आहे.

झोरिया
२५ ऑक्टोबर १९९८

ती. नेस्टरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मत मी एकोणीसला दिलं होतं.

बर्फाच्या आधी गहू आत घ्यायचा म्हणून आम्ही तिघं पंधरा दिवस शेतावरच होतो. घरात फोन वाजत राहिला असेल. व्हर्ना तीन मतांनी पडली. मी चार मतं फिरवली होती. यावर मला आणखी काही लिहिता येत नाही, दादा. जूनमध्ये वर्ग बंद होईल, आणि तो मी बंद केला.

तुझं पत्र घेऊन तशीच व्हर्नाकडे गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, दाराबाहेर काढेल. ती आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग तेच पाणी पुसत खुर्चीत बसली. म्हणाली की जुन्या घरांतली मुलं निबंधात 'कारा' लिहायची, आणि वीस वर्षं तिनं तो शब्द लाल शाईनं खोडला. हे बरोबर युक्रेनी नव्हे, असं शेजारी लिहायची. खोडला नसता तर लारिसाला तो वर्गातच मिळाला असता, म्हणाली. तेव्हा दोष निम्मा निम्मा वाटून घेऊ. आता ती शनिवारी चर्चच्या तळघरात शिकवणार आहे. अकरा मुलं आणि एक बेचाळीस वर्षांची घोडी असा वर्ग जमलाय. जूननंतरही तो चालवूच असं सगळे म्हणतात. म्हणणं सोपं असतं, ते मला आता कळलंय.

बुधवारी चार वाजता मी गाडी आश्रमाच्या दाराशी नेली आणि हॉर्न वाजवला. खिडकीत आई होती, रुमाल बांधलेला. लारिसा तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. माझ्या शेजारी बसल्यावर तिनं दार दोनदा ओढून बघितलं, नीट लागलंय ना म्हणून.

आम्ही कुठेच गेलो नाही. तू लिहिलंस तसे सरळ सरळ रस्ते घेत हळूहळू फिरलो. शेतं रिकामी झाली आहेत, सऱ्यांतून पहिलं बर्फ बसलंय, ऊन असूनही सगळं दुधातून बघावं तसं दिसत होतं. आई शेतं बघत होती. मग ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं मला काहीतरी विचारलं. मागे लारिसानं तोंड खिडकीकडे वळवलं. मी तिला म्हटलं, जे असेल ते सांग. तेव्हा ती हळूच म्हणाली की आजी विचारते आहे, पोरी, तू कुणाची? गाडी छान चालवतेस, पण बोलत का नाहीस? तुझ्या आईनं तुला बोलायला शिकवलं नाही का?

मी गाडी कडेला घेतली. हसत होते की रडत होते मला माहीत नाही, दोन्ही असेल. लारिसाला म्हटलं, आजीला सांग, नव्हतं शिकवलं. पण तिला शिकायचंय. लारिसानं सांगितलं. आईनं मान डोलावली, जणू अशी पुष्कळ लेकरं तिनं पाहिली आहेत. मग तिनं काचेतून वर बोट दाखवलं. दक्षिणेकडे चाललेली रानहंसांची रांग होती. तान्ह्याशी बोलावं तसं ओठ लांब करून ती मला म्हणाली, हुसी. मी म्हटलं, हुसी. तिला पटलं नाही. तिनं माझी हनुवटी बोटांत धरली आणि पुन्हा म्हणाली.

माया कमी करू नकोस, आणि पुढचं पत्र युक्रेनीत लिही. वाचता येईपर्यंत वेळ लागेल, तेवढा दे.

तुझी,
ओरिस्या