आमच्या धुळ्याला

मंगळवार, जळगाव

कॉलेजच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीत आमच्याकडे राहायला आलेल्या दोघी, जर्मनीची लेना आणि स्पेनची क्लारा, आठवडाभर जेवणाच्या वेळेवरून भांडताहेत. एकीला सहाला भूक लागते, दुसरीला दहाला. आज भरीत खाताना मात्र दोघींच्या डोळ्यांतून सारखंच पाणी. सासूबाईंनी विचारलं, "तुमनं गाव कोणतं शे?" मी ते इंग्रजीत सांगितलं, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "युरोप."

मग लेनानं मलाही तेच विचारलं. वीस वर्षं या घरात मी प्रत्येक भरिताला "आमच्या धुळ्याला असं नाही करत" म्हणत आलेय. आज तोंडून निघालं, "खान्देश." कसं काय निघालं? सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

धुळ्याचंच चांगलं असतं. पण हे फक्त इथे लिहितेय.