उघड्या कॅबिनेटवरचा नारळ

दादा,

जासईला कामावर निघण्याआधी हे वाच. मदरबोर्ड घेऊन मी खांदा कॉलनीत रिपेअरवाल्याकडे गेलेय. टेबलावर जे उरलंय त्याला हात लावायचा नाही.

तयार गेमिंग पीसी परवडेना, म्हणून एकेक पार्ट शोधून, ग्राफिक्स कार्ड तर सेकंडहॅण्ड घेऊन, व्हिडिओ बघत बघत मी तो स्वतः जोडला. आयुष्यात पहिल्यांदा! फक्त कॅबिनेटचं झाकण लावायचं राहिलं होतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तू हळदकुंकू वाहिलंस, नारळ फोडलास, पाणी आत शिंपडलंस आणि वर बटण दाबून मोकळा झालास. मदरबोर्ड जळाला ना! अरे, तो काय तुझा कंटेनर वाहणारा ट्रेलर आहे?

वर मलाच विचारतोस, "घरात नवी मशीन आली, पूजा नाय करायची?" करायची ना! पण मशीन माझी, मग नारळ तुझ्या हातात कसा? मला बाहेर तरी येऊ द्यायचं होतंस.

सोमवारी तुझा नवा ट्रेलर येतोय. त्याचा नारळ मी फोडणार, तुला न विचारता. पाणी चाकावर शिंपडेन, इंजिनात नाही. तेवढं मला कळतं.

निशा