हिरवळीवरची चाळीस पावलं

३ मार्च, सोमवार
आल्या! मोजून अकरा मधमाश्या. क्लोव्हर हे तीन पानांचं, फुलं येणारं गवत हिरवळीत पेरलं तेव्हा दादा म्हणाला होता, "चांगल्या लॉनमध्ये तण पेरणारी तू पहिलीच." आता बघ म्हणावं! गेल्या वर्षी काकडीच्या वेलाला ढीगभर फुलं, काकडी एक नाही — मधमाश्या फिरकतच नव्हत्या. आज क्लोव्हरच्या पांढऱ्या गोंड्यांवर नुसती झुंबड.

४ मार्च
आनंद एक दिवसाचा. सकाळी बाबा हिरवळीवर अनवाणी चालताना दिसले. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय चालतो, पण त्याला काही कळत नाही — गार नाही, गरम नाही, टोचलेलं नाही. आठ महिने झाले. फिजिओबाईंचा हुकूम: रोज गवतावर चाळीस पावलं, अनवाणीच. आणि त्याच गवतात मी मधमाश्यांना आवतण दिलंय! पेरताना डोळ्यांपुढे फक्त काकडी. शहाणी ना मी!

६ मार्च
दादाचा फोन. मधमाश्या आल्याचं बाबांनीच कौतुकाने सांगितलं असणार. भडकलाच तो.
"उजव्या पायाला डसली तर ओरडतील तरी. डाव्याला डसली तर कळणारसुद्धा नाही. नांगी आत राहील, पाय सुजेल, पिकेल, आणि तुला पत्ता नाही!"
"मी रोज बघते त्यांचा पाय."
"कधीपासून?"
खोटं बोलले. आजपासून बघायला लागले.

९ मार्च, रविवार
गवत कापायचं मशीन फिरवून फुलं उडवली, तर दोन दिवसांत पुन्हा वर येतील. हट्टी जात! "तुझ्यावर गेलीय," बाबा म्हणाले. चपला घाला म्हटलं तर म्हणे, "बरं कोणाला करायचंय, मला की चपलेला?"
एक काकडी धरलीय. बोटाएवढी.

१२ मार्च
पाय पाहिला. काही नाही.

१३ मार्च
टाचेजवळ लाल ठिपका! भिंग आणलं, दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. "दुखतंय?"
बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "कोणाचा पाय धरलायस?"
मुंगी चावली असावी. मी हसले, ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मेला गं हा पाय. उगाच फिरवून आणतो त्याला रोज." आत जाऊन भांडी आपटली.

१५ मार्च
उद्या दादा तणनाशक घेऊन येतोय. हो म्हटलं. बाबांच्या जिवापुढे काकडीचं काय! तरी रडले. दोन काकड्या वीतभर झाल्यात, आणि मधमाश्यांना कोण सांगणार की उद्या येऊ नका?

१६ मार्च, रविवार
दादा नळावर पंप भरत होता. मी खिडकीतून बाबांची पावलं मोजत होते. सत्ताविसाव्याला किंकाळी — "आई गं!" दोघं धावलो. बाबा गवतात बसलेले, पाय दोन्ही हातांत घट्ट धरलेला. डावा! तळव्यात नांगी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी नांगी काढायला वाकले, तर माझा हात धरला.
"थांब जरा. दुखू दे."