दोन असतील त्यांतली एक खुर्ची

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण या घरात आवाज करणारं तेवढंच उरलंय, म्हणून मी त्यांना बोलत नाही. तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग (कानात यंत्र घातलेलं असेल तर).

आता माझा संताप ऐक. आमच्या वस्तीत एक चित्रकार बाई आल्या आहेत. केस एका बाजूनेच कापलेले. बहुधा न्हावी मध्येच जेवायला गेला. त्यांना औदार्यावर कलाकृती करायची होती. ज्याच्या घरी एखादी वस्तू दोन असेल, त्याने त्यातली एक द्यायची आणि नळाजवळच्या शेडमध्ये सगळ्यांचं प्रदर्शन मांडायचं. जिथे एकेका वस्तूची मारामार, तिथे दोनातली एक मागणार! मी हे तोंडावर सांगितलं, तर त्यांनी गोड आवाजात विचारलं, मावशी, तुमच्याकडे दोन काय आहे? मावशी म्हटलेलं मला खपत नाही, तुला ठाऊकच आहे. पण टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. हे गेल्यापासून ह्यांच्या खुर्चीत मी रद्दी ठेवते, रिकामी दिसू नये म्हणून. रागाच्या भरात तीच उचलून दिली. (शाळेत नन सांगायच्या, देताना हसावं. मी दात दाखवले.)

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला गेले, तर शेड रिकामी. चोरी नव्हे गं. इथे घराबाहेर ठेवलेली वस्तू ज्याला लागेल त्याने न्यायची, ही रीत. प्रदर्शन वगैरे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बादली गवंड्याकडे, छत्री भाजीवालीकडे, पातेलं एका बाळंतिणीकडे. आणि चित्रकार बाई त्या रिकाम्या शेडमध्ये टाळ्या वाजवत होत्या. म्हणे, कलाकृती पूर्ण झाली. मी म्हटलं, पूर्ण झाली ना, मग माझी खुर्ची द्या.

शेवटी मीच घरोघर फिरले. इतकी वर्षं इथे राहून मी एकाही घराच्या आत गेले नव्हते. सगळीकडे आधी चहा, मग उत्तर. खुर्ची सापडली शिंप्याच्या आईकडे. तिला जमिनीवरून उठवत नाही, म्हणून सुनेने आणली होती. मी चांगली झणझणीत वाक्यं जुळवून गेले होते. म्हातारीने खुर्चीच्या उजव्या हातावरून बोटं फिरवली.

"इथं झिजलंय. मालक ह्या बाजूला रेलायचे का गं?"

ह्यांच्याबद्दल मला कोणी काही विचारलं, त्याला किती काळ लोटला असेल! मी खाली सतरंजीवर बसले आणि बोलत सुटले. खुर्ची मागायची राहूनच गेली. आता रोज जाते. खुर्ची नीट वापरतात की नाही, ते पाहायला.

तुझी,
थोरली

ता. क. तुझं येणं पुन्हा पुढे गेलं असं कळलं. माझी काही हरकत नाही.

पुन्हा ता. क. आहे हरकत. काल म्हातारीने विचारलं, हे हसायचे कसे. मला करून दाखवता येईना. तू तर ह्यांच्या तोंडावर नक्कल करायचीस. ये, आणि तिला करून दाखव. आधी मला.