काठावरचं गवत

ऋषीपंचमी, १९८३. संध्याकाळ.

ग्रामपंचायतीत आज तलावाचा ठराव झाला. तालुक्याच्या साहेबांना पाळीवर, म्हणजे बांधावर, बगिचा आणि पाण्यात सहलीची नाव पाहिजे. नाव लागायला काठ मोकळा लागतो, म्हणून काठावरचं गवत काढायचं. मासोळी धरणारा एक म्हातारा ढिवर तेवढा आडवा आला, माझा डोंगा मग कुठं लावू म्हणाला. बाकी सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. गवतच तर आहे, म्हटलं.

घरी आलो तर बायको पंचमीचा उपास सोडत होती. ताटात देवधानाचा भात. आज बायांना नांगराचं धान्य चालत नाही, आणि देवधान तलावाच्या काठाला आपोआप उगवतं.

काठाला. तिथंच माझं डोकं थांबलं. काठावर दुसरं गवत आहेच कुठं? पण देवधानाला गवत म्हणतं कोण आपल्यात? म्हणून कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"मीटिंगीत काय ठरलं जी?" तिनं विचारलं.

"काठावरचं गवत काढून राहिले."

"काढू द्या ना. म्हशीले होईल," म्हणाली, अन् भाताचा घास घेतला.

गवत म्हटलं की तीही फसली.

उद्या सकाळीच सरपंचाकडे जातो. ठराव पुन्हा मांड म्हणतो, पण गवत म्हणू नको, देवधान म्हण. मग पाहू, किती हात वर होतात.