गोड लागलेली माती

मी, खाली सही करणारी, धंद्याने कुंभारीण, वय सत्तरीच्या पलीकडे, राहणार मातीच्या खाणीलगतच्या घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते मनगटामुळे, त्याचा डोक्याशी संबंध लावू नये. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं निम्मं-निम्मं होतं आणि कोणालाच काही बोलले नव्हते. ते रद्द समजावं.

माझ्यामागे थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि धाकटीची लेक, एवढेच वारस आहेत. आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. जावई त्याच्याही आधी गेला.

कलम पहिले. घर. घर धाकटीला, पुढच्या खोलीसकट. युद्धात सैन्याने घर आणि खाण ताब्यात घेतली तेव्हा त्या खोलीत छावणीचे साहेब राहायचे आणि आम्ही सगळे मागे भट्टीच्या भिंतीला लागून. नकाशा टांगायला त्यांनी ठोकलेले खिळे मी काढले, भोकं बुजवली, वरून चुना दिला. तरी पाऊस पडला की नेमकी तिथेच ओल येते. ती भिंत पाडून नवी बांधली तर माझी ना नाही.

थोरल्याला घरात वाटा नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि शुद्धीतही लिहिते आहे. दोन्ही एकाच वेळी जमतं. सैन्य निघालं त्या सकाळी साहेब एक कागद घेऊन अंगणात आले. "जागा जशी घेतली तशीच परत दिली," असा मजकूर होता.

"आधी खाण दाखवा, मग सही," हे म्हणाले.

साहेब हसले. "आजोबा, खाण म्हणजे खड्डाच ना? खड्डा कुठे पळून जातोय!"

तेवढ्यात थोरल्याने पुढे होऊन सही ठोकली. "बाबा, जाऊ देत ना एकदाचे. सही म्हणजे काय, शाईच."

आज तक्रार घेऊन कुठल्याही कचेरीत गेलं की तो कागद नाकासमोर धरतात आणि आम्हाला बाहेर काढतात. थोरल्या, तू वाईट नाहीस. तुला घाई असते, आणि तुझ्या घाईचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर पडतं. तुला सायकल, रेडिओ आणि वडिलांचा लोकरीचा कोट. कोटाच्या खिशात काही नाही, मी बघितलं आहे.

कलम दुसरे. चाक, थापी, दोरा आणि भट्टी. हे सगळं धाकटीला. चाक सासूबाईंचं आहे. मी शिक्षकाची मुलगी, लग्न होऊन आले तेव्हा राख टाकायला उकिरड्यावर जायची लाज वाटायची. सासूबाई चाकावरून मान वर न करता म्हणायच्या, "कुंभाराची सून, उकिरड्यावर आज ना उद्या येणारच." आले. नुसती आले नाही, चांगली रमले. धाकटीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. इथे सांगते.

कलम तिसरे. चप्पल. माझ्या पेटीत तळाशी कापडात गुंडाळलेली एक चप्पल आहे. जावयाची. भट्टीला लाकूड हवं होतं. आमची बांधावरची झाडं सैन्याने पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून रस्ता दिसावा म्हणून केव्हाच कापली होती, म्हणून तो तारेपलीकडच्या झुडपात गेला. तिथे सुरुंग पेरले आहेत असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती युद्धातली गुप्त माहिती फुटली असती, असं साहेब नंतर म्हणाले. त्यांनी बूट न घालता, पायपुसण्यावर उभं राहून, अगदी सभ्यपणे सांगितलं. घरी परत आली ती एवढी एकच चप्पल. धाकटीला ती नको होती, फेकवतही नव्हती, म्हणून मी ठेवली. आता तिची तिने ठेवावी किंवा पुरावी.

कलम चौथे. भाऊजी. माझ्या धाकट्या दिरांनी मडकी सुकवायचं मोठं अंगण स्वतःहून सैन्याला भाड्याने दिलं. गाड्या दुरुस्त करायला. "वहिनी, ते घेणारच आहेत, मग फुकट का द्यायचं?" असा हिशेब. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची त्यांना पहिल्यापासून हौस. त्या अंगणाच्या कडेला सैन्याने सोडलेलं काळ्या तेलाचं पिंप अजून आहे, खालून गळतं. ते मी भाऊजींच्या नावे करते. सोबत माझा आशीर्वाद नाही.

कलम पाचवे. खाण. आता मुद्द्याचं. हे कलम थोरल्याने आणि धाकटीने सगळं वाचावं, आपापल्या सोयीचं तेवढं नाही.

आमच्यात माती ओळखतात ती जिभेने. चिमूटभर घ्यायची, दाताखाली धरायची. कचकचली तर वाळू जास्त. खारट लागली तर भाजल्यावर पांढरे डाग फुटणार. आणि गोड लागली तर माती मुरली, विसावली, आता चाकावर म्हणाल तशी वळणार. सासूबाईंनी मला असंच शिकवलं, ह्यांना त्यांच्या बापाने शिकवलं, आम्ही धाकटीला शिकवलं. जीभ कधी चुकली नाही.

सैन्य गेल्यावर आम्ही खाणीत उतरलो. वरून हातभर स्वच्छ माती ओढून, रोलर फिरवून सगळं नीटनेटकं केलं होतं. पूर्वी तळाशी पाणी साचायचं, बेडकं ओरडायची. पाणी होतं, बेडूक एकही नव्हता. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी आपल्या मातीत पाय पडले होते, बेडकांचं कोण बघतो?

ह्यांनी वरचा थर बाजूला केला, खालची चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"गोड," म्हणाले. "अगं ऐकलंस का, गोड झालीय! कोणी हातच लावला नाही ना इतकी वर्षं. माहेरी आलेली पोर झोपावी तशी झोपून मुरलीय."

मीही घेतली. गोडच होती. आम्ही दोघं म्हातारी खड्ड्यात बसून कितीतरी वेळ हसत होतो. लग्नानंतर इतकी हसल्याचं मला आठवत नाही.

त्या हंगामात आम्ही भट्टी भरून भाजली. माठ, कुंड्या, लहान सुरया. हे रोज चाखायचे, कालवताना, मळताना, सवयीने. मग पोटात पिळवटायला लागलं. हिरड्यांवर निळसर रेघ आली. शेवटी मनगट पडलं. चाकावर गोळा ठेवायचे आणि हात लटकत राहायचा, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. त्यांनी मला सांगितलं नाही, मी दारातून बघितलं.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "काय खाता?"

"सगळे खातात तेच."

"आणखी काही पोटात जातं?"

"नाही हो, काही नाही."

आम्ही खोटं बोलत नव्हतो. माती चाखणं म्हणजे खाणं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. श्वास घेतो ते कोणी जेवणात धरतं का? त्यात महिने गेले. मग एकदा आम्ही दवाखान्याच्या अंगणात आमच्या पाळीची वाट बघत बसलो होतो. ह्यांनी फुलझाडाच्या वाफ्यातली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत होत्या. धावत बाहेर आल्या.

"अहो! हे काय करताय?"

"बघतोय," हे म्हणाले. "वाळू फार आहे तुमच्याकडे."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन खाणीतली माती बाटलीत भरून घेऊन गेल्या. शिसं निघालं. सैन्याने गाड्यांच्या फुटक्या बॅटऱ्या, जुनं तेल, इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी, सगळं वर्षानुवर्षं आमच्या खाणीत ओतलं होतं आणि जाताना वरून पांघरूण घातलं होतं. शिसं गोड लागतं, हे बाईंनी सांगितलं. कळल्यावर हे फक्त एवढंच म्हणाले, "मग जीभ बरोबरच होती." पुढची भट्टी त्यांनी बघितली नाही.

माझ्या हिरड्यांवर तीच रेघ आहे. त्याबद्दल कोणी हळहळू नये, माझं वय झालंय. माझा जीव अडकलाय तो दुसरीकडे.

थोरला म्हणतो, "आई, इतके पाऊस पडले. गेलं असेल धुऊन." धाकटी म्हणते, "लांबून माती आणायला गाडी कुठून आणू? आणि मी लगेच थुंकते ना!" मी खाणीला तार लावली, ती धाकटीने काढून कोंबड्यांच्या खुराड्याला वापरली. पाटी लावली, ती कोणीतरी सरपणात घातली. भांडले, रडले, जेवण सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी. मागच्या महिन्यात नात खाणीच्या काठावरून पळत आली. ओठ तपकिरी. "आजी, बघ ना, गोड आहे!" मी तिच्या तोंडात बोट घालून माती काढली, ती घाबरून रडली, आणि तिची आई मला म्हणाली, "पोरीला उगाच भीती घालू नकोस."

खाण विकू नये, उपसू नये, अशी अट मृत्युपत्रात घालणार होते. वकील म्हणाला, आज्जी, अशा अटी टिकत नाहीत, पोरं मोडतील आणि कोर्ट बघत बसेल. त्याचं खरं असावं. म्हणून अट घालत नाही. खाण दोघांना निम्मी-निम्मी देते. कलम आठ वाचावं.

कलम सहावे. विकलेली मडकी. त्या एका भट्टीतल्या भांड्यांच्या गळ्याशी दोन रेघांचा पट्टा आहे. ह्यांच्यामागे मी दारोदार जाऊन जमतील तेवढी फोडून आले. काही बायकांनी मला वेडी ठरवलं, काहींनी दार लावलं. ज्यांच्या घरी अजून असतील त्यांनी आणून द्यावीत. बँकेतली माझी शिल्लक याच कामासाठी आहे. धाकटीने बाहेरून माती विकत आणून बदली भांडं द्यावं, एक पैसा घेऊ नये.

कलम सातवे. साहेब. त्याच भट्टीतली एक सुरई मी मुद्दाम राखून ठेवली होती. साहेबांना आमची भांडी आवडायची, आईसाठी एक हवं म्हणून मागूनही गेले होते. ती सुरई त्यांच्या पत्त्यावर पाठवावी, त्यांनी रोज तिच्यातून पाणी प्यावं, असं इथे लिहिलं होतं. वरच्या चार ओळी खोडल्या आहेत त्या ह्याच. त्यांच्या घरीही एखादं लहान पोर असेल. सुरई फोडून टाकावी. साहेबांना मी माफ केलेलं नाही.

कलम आठवे. माझा देह. आमच्या धंद्यात एक गोष्ट मोडलेली मी पाहिली नाही: जिथे माणूस पुरलंय तिथली माती कुंभार चाकावर घेत नाही. उपाशी राहील, पण घेणार नाही. धाकटीही घेणार नाही, तिला मी ओळखते.

मला खाणीत पुरावं. काठाला नाही, तळाशी, जिथून हे माती काढायचे तिथे. खणणाऱ्याने तोंडाला फडकं बांधावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नातीला तिथे आणू नये, पण आजी कुठे आहे ते तिला रोज सांगावं.

वरच्या माळावर ह्यांच्या शेजारी माझी जागा राखलेली आहे. तिथे जायची मला फार इच्छा होती. जगात दुसरी कसलीच एवढी नव्हती. ती जागा मी सोडते. धाकटीने एकदा माळावर जाऊन ह्यांना सांगावं, की माझी वाट बघू नका, मी खाली खाणीत आहे. का, ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझी शेजारीण शिवणवाली हिला नेमते. आमचं आयुष्यभर पटलं नाही, म्हणून ती माझं म्हणणं बदलणार नाही.

स्थळ: खाणीलगतचं घर, पुढची खोली.
दिनांक: सैन्य गेल्याच्या चौथ्या वर्षी, भट्टी पेटवायच्या हंगामाआधीचा मंगळवार.

सही: कुंभारीण (डाव्या हाताने)

साक्षीदार पहिली: डॉक्टरीण. लिहून देणारी बाई शुद्धीवर आहे. ती काय करते आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

साक्षीदार दुसरी: शिवणवाली. मला हे पटलेलं नाही, ह्या बाईची जागा नवऱ्याशेजारी आहे. तरी सही करते. खड्डा माझ्यासमोर खणला जाईल, तळापर्यंत.