एका पत्त्यावरची सदतीस माणसे

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
कुटुंब आरोग्य विमा कक्ष,
टॅलमन काउंटी, केंटकी.

विषय : माझी मुलगी वेला हिचा विमा पूर्ववत सुरू करणे व माझ्या कुटुंबातून पस्तीस माणसे कमी करणे.
संदर्भ : आपले पिवळ्या पाकिटातील पत्र, दि. ३ ऑक्टोबर.

महोदया,

१. मी केल्सी मलिन्स, वय २६. चर्चच्या तळघरात टेबल मांडून लोकांना सरकारी विम्याचे अर्ज भरून देते. कोणाला कोणती योजना लागू पडते, कोणते कागद जोडायचे, ते सांगते. पिवळे पाकीट आले की न उघडता ठेवून देऊ नका, हे मी इतक्यांदा सांगितले आहे की लोक आता ते माझ्याआधी म्हणतात. हा अर्ज वेलाच्या दुपारच्या झोपेत, तीन दिवस थोडा थोडा लिहिला आहे. शाई वेगवेगळी दिसेल, क्षमा असावी.

२. जुलैच्या पुरात ओढ्याने रस्त्याकडेच्या सगळ्या टपालपेट्या नेल्या. पत्र पोचले नाही तर विमा तुटतो. म्हणून दहा कुटुंबांच्या अर्जांवर मी चर्चचा पत्ता घातला आणि पुढे 'मार्फत केल्सी मलिन्स' असे लिहिले. माझीही पेटी गेली होती, माझ्या अर्जावरही तेच. पत्ता एक, नाव एक, म्हणून आपल्या संगणकाने आम्हा सर्वांचे एक घर केले, सगळ्यांचे पगार एकत्र धरून ते उत्पन्नाच्या मर्यादेपलीकडे दाखवले आणि सगळ्यांचाच विमा बंद केला. चूक माझी आहे. ती मी नाकारत नाही.

३. मी दूरध्वनी केला. आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, "इथं तुम्ही कुटुंबप्रमुख दिसताय. माणसं सदतीस." मी म्हटले, दोन. "मग बाकीची पस्तीस घर सोडून कधी गेली, त्या तारखा द्या." मी म्हटले, ती आलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "आलीच नाहीत तर जातील कशी हो? मला तारीख टाकल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही." मन चांगले होते त्यांचे. ठेवताना म्हणाल्या, "लेकराला जपा."

४. आपल्या पत्रासोबत आलेल्या कुटुंबाच्या यादीत माझा थोरला मुलगा होबार्ट नेपियर, वय एकसष्ट, खाणकामगार. फुप्फुसे कोळशाने भरलेली. यादी पाहिल्यापासून ते टेबलाशी येऊन म्हणत, "काय गं आई, जेवलीस का? मला बघ, दिवसेंदिवस वाळत चाललोय, आणि तुझं लक्षच नाही." मग दम लागेपर्यंत हसत. त्यांचा घरचा प्राणवायू याच पत्राने थांबला होता.

५. वेला चार वर्षांची आहे. तिला फिट येतात. औषध चुकले नाही तर येत नाहीत. बाटलीत गुरुवार सकाळपर्यंतचे औषध आहे. औषधवाल्या रोवेनाबाईंनी दोनदा आपल्या जबाबदारीवर दिले, तिसऱ्यांदा त्यांना देता येणार नाही. मी मात्रा कमी केलेली नाही. अजून नाही.

६. आपण कुटुंबातील सर्व सदस्यांना सोमवारी सकाळी नऊ वाजता हजर राहण्यास कळवले आहे. आपल्या खोलीत चार खुर्च्या आहेत. मी तिथे अनेक कुटुंबांसोबत बसले आहे. तरी सगळे येतील. चर्चची बस ठरली आहे. पण सोमवार गुरुवारनंतर येतो.

७. कुटुंबातील मृत्यू कुटुंबप्रमुखाने दहा दिवसांत कळवावा, असा आपला नियम आहे. त्यानुसार कळवते की होबार्ट नेपियर मंगळवारी पहाटे वारले. आता आम्ही छत्तीस आहोत.

तरी विनंती की वेलाचा विमा बुधवारपर्यंत सुरू व्हावा आणि बाकीची माणसे आपापल्या घरी लावून द्यावीत. तारखेचा रकाना भरायचाच असेल तर पुराची तारीख घालावी. होबार्ट यांची तारीख तेवढी खरी आहे. त्यांना त्यांचे असे कोणी नव्हते, म्हणून त्यांचे नाव माझ्याखाली राहिले तरी माझी हरकत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, नम्र,
केल्सी मलिन्स
दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
वेलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
अकरा घरांचे अकरा पत्ते, पेट्या नसलेले.
होबार्ट नेपियर यांचा मृत्युदाखला. त्यातील 'कळवणाऱ्याचे नाते' या रकान्यात मी काही लिहिलेले नाही.